जुन्या मलवाहिन्या बदलायच्या तर पैसा कुठून आणायचा? नगरसेवक आणि नागरिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मलवाहिनी वरून खाली कुजत जाते. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, पाइपाच्या कोरड्या छताला चिकटलेले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खात जातं. तळ शाबूत असतो, पाणी वाहत असतं, चेंबरचं झाकण उघडून पाहिलं तरी सगळं ठीक दिसतं. मग एका पावसाळ्यात रस्ता खचतो आणि लक्षात येतं की वरचा अर्धा पाइप कधीच नाहीसा झाला होता.

अशा वेळी महापालिका तातडीच्या खर्चातून तेवढा तुकडा बदलते. शेजारचा तुकडा त्याच वयाचा असतो, तो पुढच्या वर्षी जातो. तातडीचं काम घाईच्या दराने होतं, रस्ता पुन्हा पुन्हा खणला जातो, आणि शहराची अख्खी यंत्रणा बदलायला किती पैसा लागेल हा प्रश्न कुणी कागदावर मांडतच नाही.

हा लेख तो प्रश्न कागदावर मांडण्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातल्या महापालिकांची आहेत, कारण आपले कर, आपली अंदाजपत्रकं आणि आपल्या योजना इथल्या कायद्याने चालतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. नव्या भागातल्या वाहिन्या आणि मैलाशुद्धीकरण केंद्रं यांना अनुदान मिळतं. जुनी वाहिनी बदलायचा पैसा मात्र शेवटी शहरालाच उभा करावा लागतो. त्यासाठी वेगळं खातं, वेगळा दर आणि दरवर्षी ठरलेली रक्कम लागते. बाकीचे सगळे मार्ग या पायावर उभे राहतात.

पहिलं काम: जमिनीखाली काय आहे ते कळू द्या

पैशाची मागणी करण्याआधी मालमत्तेची यादी हवी. बऱ्याच शहरांत जुन्या वाहिन्यांचे नकाशे अपुरे असतात आणि कुठली लाइन कुठे वळते हे निवृत्तीला आलेल्या एखाद्या मुकादमालाच ठाऊक असतं. त्यांना सोबत घेऊन पेठा फिरा. ते गेले की ती माहितीही जाते.

यादीत प्रत्येक तुकड्याची लांबी, व्यास, खोली, पाइपाचा प्रकार, टाकल्याचं अंदाजे वर्ष आणि तक्रारींची संख्या असावी. पाइपाचा प्रकार फार महत्त्वाचा. जुन्या गावठाणांत चिनी मातीचे ग्लेझ्ड स्टोनवेअर पाइप सापडतात. त्यांना आम्ल बाधत नाही, पण सांधे सुटतात आणि त्यांतून झाडांची मुळं आत शिरतात. नंतरच्या काळातले सिमेंट काँक्रीटचे पाइप सांध्यांना बरे, पण छताकडून खचतात. दक्षिण मुंबईत ब्रिटिश काळातल्या विटांच्या मलवाहिन्या आजही वापरात आहेत आणि त्यांना आतून अस्तर देण्याची कामं महापालिका करत आली आहे.

त्यानंतर सीसीटीव्ही पाहणी. लाइन आधी जेटिंग मशीनने धुवायची, मग चाकांवरचा कॅमेरा आत सोडायचा. प्रत्येक तुकड्याला एक ते पाच अशी प्रत द्या: एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे कोसळण्याच्या बेतात. सगळं शहर एका वर्षात पाहून होणार नाही. मोठ्या व्यासाच्या मुख्य लाइन, रुग्णालयं आणि बाजारपेठांखालच्या लाइन आणि नदीनाल्याला समांतर जाणाऱ्या लाइन आधी घ्या, कारण तिथे फुटलं तर नुकसान सर्वांत जास्त.

ही पाहणी महसुली खर्चातून करता येते आणि प्रकल्पाच्या मानाने तिचा खर्च किरकोळ असतो. तरीही ती टाळली जाते. पाहणी झाली की वाईट लाइनची जबाबदारी कागदावर येते, हे त्यामागचं खरं कारण असावं असं मला वाटतं.

पाहणीतून पैसा वाचतोही. प्रत्येक खराब लाइन खणून काढावी लागत नाही. पाइपाचा आकार टिकून असेल तर आतून राळेचं अस्तर घालून ती आणखी अनेक दशकं चालवता येते. आकार मोडला असेल, लाइन बसली असेल किंवा व्यास अपुरा पडत असेल, तर मात्र नवीन टाकण्यावाचून गत्यंतर नाही. दाट वस्तीत खोदाई आणि रस्तादुरुस्तीचा खर्च पाइपाच्या किमतीहून सहज जास्त होतो. म्हणून अस्तर की बदल, हा निर्णय तुकड्यागणिक घ्यावा लागतो.

दुसरं काम: गरज रुपयांत आणि मिळकतीमागे मांडा

इथे एक काल्पनिक शहर घेऊ. आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या शहराचे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करा.

लोकसंख्या ५ लाख, करपात्र मिळकती १ लाख २५ हजार, मलवाहिन्यांची लांबी ४०० किलोमीटर. पाहणीत ६० किलोमीटर लाइन चार आणि पाच प्रतीत निघाली. चेंबर, घरजोडण्या आणि रस्ता पूर्ववत करणं धरून सरासरी खर्च किलोमीटरला दीड कोटी धरू. म्हणजे तुंबलेलं काम ९० कोटींचं झालं.

आता कायमची गरज. वाहिनीचं सरासरी आयुष्य ६० वर्षं धरलं तर ४०० किलोमीटरच्या जाळ्यात दरवर्षी सुमारे पावणेसात किलोमीटर लाइन बदलायला हवी. त्याचे झाले वर्षाला साधारण १० कोटी. मिळकतीमागे वर्षाला ८०० रुपये, महिन्याला ६७.

हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. ९० कोटींचा अनुशेष एकदाच भरायचा असतो, १० कोटींची गरज दरवर्षी येत राहते. जी महापालिका मलवाहिन्या बदलण्यावर वर्षाला दोन कोटी खर्च करते, ती दरवर्षी आठ कोटींचं काम पुढच्या पिढीच्या नावावर लिहिते. लेखापरीक्षणात हे कर्ज म्हणून दिसत नाही. ते घसाऱ्याच्या, म्हणजे झिजेमुळे दरवर्षी घटणाऱ्या किमतीच्या, रकान्यात दिसायला हवं, पण पालिकांच्या जमाखर्चात घसारा दाखवला तरी त्याइतकी रोकड बाजूला काढली जात नाही.

थांबण्याची किंमतही मांडा. बांधकामाचे दर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात असं धरलं, तर आजचं ९० कोटींचं काम पाच वर्षांनी १२० कोटींचं होतं. सभागृहात हा एक आकडा दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

दर ठरवताना राज्याची चालू दरसूची वापरा आणि ज्या बाबी तिच्यात नाहीत त्यांची बाजारातून किमान तीन कोटेशनं घ्या. पाण्याचा अंदाज सीपीएचईईओ, म्हणजे पाणी आणि मलनिःसारणाचे निकष ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, नियमावलीप्रमाणे धरा: दरडोई दररोज १३५ लिटर पुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी. म्हणजे आपल्या शहरात रोज ५४ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. शुद्धीकरण केंद्रावर त्याहून बरंच जास्त पाणी येत असेल तर जुन्या सांध्यांतून भूजल आत येतंय किंवा कुणीतरी पावसाळी गटार जोडलंय. ते पाणी पंप करायला आपण वीजबिल भरतो. लाइन बदलल्यावर होणारी ही बचत प्रकल्प अहवालात लिहायला विसरू नका.

तिसरं काम: आज मलनिःसारणाच्या नावाने येणारा पैसा शोधा

मिळकतकराचं बिल हातात घ्या. त्यात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, पाणीपट्टी अशा बाबी असतात. त्यांतच मलनिःसारण कर किंवा मलनिःसारण लाभ कर असतो. शहरागणिक नाव बदलतं. त्याच बिलातला राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिकेचा नसतो, ती फक्त तो गोळा करून पुढे देते. म्हणून "एवढा कर भरतो, जातो कुठे?" असं विचारण्याआधी राज्याकडे जाणारी रक्कम वजा करा. मग प्रश्नाला धार येते.

आता पालिकेचं अंदाजपत्रक. ते संकेतस्थळावर असतं. नसेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते स्वतःहून प्रसिद्ध करणं पालिकेवर बंधनकारक आहे, याची आठवण लेखी द्या. त्यातून चार आकडे उतरवून घ्या: मलनिःसारण कराची मागणी, प्रत्यक्ष वसुली, मलनिःसारण विभागाचा महसुली खर्च (पगार, वीज, जेटिंग, दुरुस्ती) आणि भांडवली खर्च. तरतूद पाहू नका, प्रत्यक्ष खर्च पाहा. फेब्रुवारीत ३० कोटींची तरतूद दाखवायची, ऑक्टोबरात वर्गीकरणाने त्यातले २० कोटी दुसऱ्या कामाला वळवायचे, ही नेहमीची चाल आहे. म्हणून तीन वर्षांचे प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडा.

मुंबईची रचना इथे समजून घेण्यासारखी आहे. बृहन्मुंबई महापालिकेचं पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचं अंदाजपत्रक वेगळं असतं, त्याला अर्थसंकल्प 'ग' म्हणतात. मीटरवरच्या ग्राहकाला पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के इतका मलनिःसारण आकार लागतो. म्हणजे जो जास्त पाणी वापरतो तो मैलापाण्यासाठीही जास्त देतो, आणि हा पैसा मिळकतकराच्या राजकारणापासून बराचसा दूर राहतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ मध्ये मालमत्ता करातून सूट मिळाली, तरी पाण्याचं बिल आणि त्यावरचा मलनिःसारण आकार चालूच राहिला. पाण्याचे दर वर्षाला कमाल ८ टक्के वाढवण्याचं धोरण तिथे २०१२ मध्ये ठरलं. अलीकडे काही वर्षी ती वाढ रोखली गेली, पण धोरण कागदावर असल्यामुळे दर वर्षी नव्याने लढाई करावी लागत नाही.

बाकीच्या बऱ्याच शहरांत सगळीकडे मीटर नसल्याने मलनिःसारणाचा पैसा मिळकतकराच्या मोठ्या डोहात पडतो आणि तिथून कुणीही उपसतो. म्हणून पहिली मागणी खात्याची करा: मलनिःसारणाची सगळी जमा एका स्वतंत्र बँक खात्यात, आणि त्यातून खर्च फक्त मलनिःसारणावर. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने हे करता येतं. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही, आणि मला वाटतं संपूर्ण लेखातली ही सर्वांत उपयोगी ओळ आहे.

चौथं काम: अनुदान कशाला मिळतं आणि कशाला नाही

केंद्राची अमृत २.० योजना १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. दहा लाखांवरच्या शहरांना केंद्राचा वाटा प्रकल्पाच्या २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश आणि एक लाखाखालच्या शहरांना निम्मा, अशी तिची रचना आहे. उरलेला पैसा राज्य आणि पालिका मिळून घालतात. केंद्राचा पैसा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. देखभालीचा खर्च या हिश्शात धरत नाहीत.

अमृतच्या पहिल्या टप्प्याच्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या मलनिःसारण यंत्रणेचं पुनर्वसन हे मान्य काम होतं. तरी प्रत्यक्षात प्रस्ताव जातात ते नव्या हद्दीतल्या लाइनचे आणि शुद्धीकरण केंद्रांचे. योजनेचं यश नव्या जोडण्यांच्या संख्येत मोजलं जातं आणि जुनी लाइन बदलल्याने जोडण्यांची संख्या वाढत नाही. उपाय असा: जुन्या लाइनचं काम प्रकल्पात एकटं पाठवू नका. जी जुनी मुख्य लाइन बदलल्याशिवाय नव्या भागातलं मैलापाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचणारच नाही, तिला त्याच डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, बसवा आणि हे कारण आकड्यांनी सिद्ध करा.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के बांधील होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. निधी मिळायला लेखापरीक्षित जमाखर्च प्रसिद्ध करणं आणि मिळकतकराचे किमान दर अधिसूचित करणं या अटी होत्या. ज्या शहराचा जमाखर्च वेळेवर तयार नसतो त्याचा हप्ता अडकतो, हे पालिकेच्या लेखा विभागाला कुणीतरी विचारत राहायला हवं. राज्याकडून महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियानातही भुयारी गटाराची कामं घेता येतात. पालिकेच्या वर्गाप्रमाणे तिचा स्वतःचा हिस्सा बदलतो.

पुण्याचं उदाहरण अनुदानाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवतं. मुळा-मुठा शुद्धीकरण प्रकल्पासाठी जपानच्या जायका संस्थेशी २०१६ मध्ये कर्जकरार झाला. कर्ज केंद्राने घेतलं आणि पालिकेला ते अनुदान म्हणून आलं. मूळ मंजूर खर्च ९९० कोटी २६ लाख, त्यात केंद्राचा वाटा ८५ टक्के. ११ शुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) क्षमता. कार्यादेश मात्र २०२२ मध्ये निघाला. मधल्या वर्षांत दर वाढले, निविदा रद्द झाल्या आणि खर्च फुगला. परक्या पैशाचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. शिवाय हा पैसा आला तो केंद्रांसाठी आणि मुख्य वाहिन्यांसाठी. पेठांमधल्या गल्लीतली जुनी लाइन त्यात येत नाही.

मुंबईतही तसंच. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात केंद्रांच्या, एकूण २,४६४ एमएलडी क्षमतेच्या प्रकल्पाचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, खर्च सुमारे १७ हजार कोटी. एवढा पैसा लाइनच्या टोकाला ओतला जात असताना लाइनच्या सुरुवातीला किती लागतो, हा प्रश्न विचारण्याची हीच वेळ असते.

पाचवं काम: कर्ज घ्यावं का?

हो, पण फेडण्याचा झरा आधी दाखवून. साठ वर्षं टिकणारी वस्तू एका वर्षाच्या करातून घेणं आजच्या करदात्यावर अन्याय आहे. तीच वस्तू कुजू देणं उद्याच्या माणसावर अन्याय आहे. कर्जाने हा भार वर्षांवर पसरतो.

आपल्या शहराचा हिशेब पुढे नेऊ. ९० कोटींपैकी ३० कोटी अनुदान आणि स्वनिधीतून, ६० कोटी कर्जाने. ८ टक्के व्याज, १५ वर्षं मुदत धरली तर वर्षाचा हप्ता साधारण ७ कोटी. मिळकतीमागे वर्षाला ५६१ रुपये, महिन्याला ४७. एकूण फेड १०५ कोटी, म्हणजे व्याजाचे ४५ कोटी. हा आकडा लपवू नका. सोबत थांबण्याची किंमत ठेवा: पाच वर्षं काही न करता काम ३० कोटींनी महागतं, आणि मधे फुटलेल्या लाइनचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

कर्जाचे मार्ग कोणते? हुडको ही सरकारी वित्तसंस्था आणि बँका आहेतच. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला नागरी पायाभूत सुविधा विकास निधी राष्ट्रीय आवास बँकेमार्फत दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतल्या शहरांसाठी आहे. कर्ज उभारायला राज्य शासनाची मंजुरी लागते, तिच्यासाठी वेळ धरून ठेवा.

मोठ्या शहरांना रोखे काढून, म्हणजे गुंतवणूकदारांकडून थेट कर्ज घेऊन, पैसा उभारता येतो. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, पाणीपुरवठा आणि मलनिःसारणासाठी. पुण्याने जून २०१७ मध्ये २०० कोटी उभारले, ७.५९ टक्के दराने, समान पाणीपुरवठ्यासाठी. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले, सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना विकण्यासाठी. केंद्राने रोखे काढणाऱ्या पालिकांना १०० कोटींमागे १३ कोटी, कमाल २६ कोटी असं प्रोत्साहनही दिलं. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे पतमानांकन आणि वेगळं खातं लागतं. त्या खात्यात कराची जमा आधी पडते, हप्ता वळता होतो, मग उरलेलं पालिकेला मिळतं. म्हणूनच गुंतवणूकदाराला विश्वास वाटतो. ही शिस्त रोखे न काढताही अंगीकारता येते. छोट्या पालिकांनी एकटीने रोखे काढण्याच्या फंदात पडू नये, कारण मानांकन आणि सल्लागारांचा खर्च परवडत नाही. तमिळनाडूने २००२ मध्ये अनेक लहान पालिकांची गरज एकत्र करून सामायिक रोखे काढले होते. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांसाठी असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीबद्दल एक सावधगिरी. नमामि गंगेच्या केंद्रांसाठी ठेकेदाराला ४० टक्के पैसा बांधकामात आणि ६० टक्के १५ वर्षांत, अशी ही पद्धत चालली. शुद्धीकरण केंद्राला ती शोभते, कारण शुद्ध पाणी मोजता येतं. जुन्या लाइनसाठी टाळा. जमिनीखाली काय निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं आणि ठेकेदार ती सगळी जोखीम दरात धरतो.

इतर झरे

नवी इमारत जुन्या लाइनवर भार टाकते, तेव्हा विकास शुल्काचा आणि वाढीव चटईक्षेत्राच्या अधिमूल्याचा ठरावीक भाग त्याच प्रभागातल्या लाइनसाठी राखून ठेवण्याचा ठराव मागा. जिथे तीन मजल्यांच्या जागी बारा मजले उभे राहतात तिथे हा मुद्दा सोसायट्यांना लगेच पटतो.

प्रक्रिया केलेलं पाणी विकता येतं. नागपूरचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. सुरतने २०१४ मध्ये पांडेसरा औद्योगिक वसाहतीला ४० एमएलडी पाणी द्यायला सुरुवात केली. जवळ उद्योग असेल तरच हे जमतं, आणि त्या उत्पन्नातून आधी केंद्राचाच चालवण्याचा खर्च निघतो. लाइनसाठी फार काही उरेल अशी आशा धरू नका.

सहावं काम: दरवाढ लोकांसमोर नेणं

इथे बहुतेक योजना मरतात. नियम साधा आहे: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत सभेने ठरवावे लागतात. जानेवारीत प्रस्ताव आला आणि कुणाला काही समजावलेलं नसलं तर तो फेटाळला जाणारच. म्हणून तयारी गणेशोत्सवाच्या आधी सुरू करा. सीसीटीव्हीची चित्रफीत प्रभागसभेत दाखवा. लोकांनी आपल्याच गल्लीखालचा फुटका पाइप पाहिला की चर्चेचा सूर बदलतो.

चेन्नईलगतच्या अळंदूर नगरपालिकेचा अनुभव जरूर अभ्यासा. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे भुयारी गटार नव्याने करायचं होतं. घरांनी प्रत्येकी ५,००० रुपये आणि व्यापारी मिळकतींनी १०,००० रुपये जोडणी ठेव आधी भरली, मग कर्ज मिळालं. तेव्हाचे नगराध्यक्ष आर. एस. भारती आणि रहिवासी संघटना यांनी घरोघरी जाऊन हे पटवलं. नव्या जोडणीसाठी लोक पैसे देतात कारण शोषखड्डा सुटतो. जुन्या लाइनसाठी मागताना हे आकर्षण नसतं, म्हणून बदल्यात काहीतरी ठोस द्या: कुठल्या गल्लीचं काम कुठल्या वर्षी होणार याची यादी, छापून, प्रभाग कार्यालयाच्या दारावर.

दर सरसकट ठेवू नका. आपल्या हिशेबात अनुशेषाचे ४७ आणि कायमच्या गरजेचे ६७ मिळून महिन्याला ११४ रुपये होतात. झोपडपट्टीतल्या आणि लहान घरांना त्यातले ३०-४० रुपये, मोठ्या सदनिकांना पूर्ण, आणि हॉटेलं, मंगल कार्यालयं, मॉल यांना त्याच्या काही पट, अशी उतरंड बसवता येते. वाढ एकदम न करता तीन वर्षांत करा, पण तिन्ही वर्षांचा ठराव एकदाच घ्या. थकबाकी मात्र आधी वसूल करा. नियमित भरणाऱ्यावर दर वाढवायचा आणि मोठ्या थकबाकीदाराला अभय योजना द्यायची, हे लोक विसरत नाहीत.

मंजुरीचा रस्ता

डीपीआर, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची किंवा सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, स्थायी समिती, कार्यादेश असा हा प्रवास आहे. एकापेक्षा जास्त वर्षं चालणाऱ्या कामाला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७२ (ब) खाली मान्यता घ्या, म्हणजे पुढच्या वर्षांच्या अंदाजपत्रकांत त्याची रक्कम बांधली जाते. ही मान्यता न घेता सुरू झालेलं काम दुसऱ्या वर्षी निधीअभावी थांबतं, आणि उघडा चर पावसाळ्यात तसाच राहतो. रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचा कार्यक्रम आधी पथ विभागाकडून मागवा. नव्या काँक्रीटखालची चार प्रतीची लाइन ही सर्वांत महागडी चूक आहे. तिथे लाइन आधी, रस्ता नंतर, हा क्रम सभेच्या ठरावात लिहून घ्या.

पैसा आल्यावर

निविदेतून दोन गोष्टी वगळायला जागा ठेवू नका. पहिली, माणसाला चेंबरमध्ये न उतरवण्याची. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेणं आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला ३० लाखांची भरपाई ठरवली. तुंबणारी जुनी लाइन माणसाला पुन्हा पुन्हा त्या भोकात उतरवते. लाइन बदलण्याच्या खर्चाशी तुलना करताना ही बाजू मी तरी पैशात मोजणार नाही, पण प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ती असायलाच हवी. जेटिंग, सक्शन आणि रीसायकलर यंत्रं यांची बाब अंदाजपत्रकातच धरा, म्हणजे ठेकेदाराला सबब उरत नाही.

दुसरी, मोजमाप. प्रत्येक तुकड्याची सीसीटीव्ही चित्रफीत काम झाल्यावर पुन्हा घ्या आणि ती मोजमाप पुस्तकाला जोडल्याशिवाय देयक मंजूर करू नका. उतार चुकला तर नवी लाइनही दोन वर्षांत गाळाने भरते. पाण्याला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग मिळाला पाहिजे. दोषदायित्व काळ, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, किमान पाच वर्षं ठेवा आणि अनामत रक्कम त्या काळात टप्प्याटप्प्याने परत करा. रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम वेगळी बाब म्हणून दाखवा, नाहीतर ती पाइपाच्या दरात मिसळते आणि खड्डे बुजवायला पुन्हा दुसरा ठेका निघतो.

आणि अंतिम देयकासोबत सुधारित नकाशा घ्या: खोली, व्यास, चेंबरची पातळी, घरजोडण्यांची जागा. तो मालमत्ता नोंदवहीत चढवा, पाइप टाकल्याचं वर्ष लिहा आणि त्याच महिन्यापासून त्या तुकड्याचा वार्षिक घसारा स्वतंत्र खात्यात जमा करायला सुरुवात करा.